नंबर माहीत नसेल तर

"नंबर सांगा," मास्तर मान वर न करता म्हणाले.

खिडकीपलीकडून काहीच उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पंचेचाळिशीच्या आसपासची एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात रबर लावलेली चिठ्ठ्यांची लहानशी जुडी. रात्रभराच्या प्रवासाने चेहरा उतरलेला, पण केस नीट विंचरलेले. बसस्थानकावर तोंड धुऊन, स्वतःला जरा सारखं करून आलेली दिसत होती.

"नंबर नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "दर वर्षी हेच सांगते मी. तुम्ही नवीन दिसता इथे."

मास्तर नवीन नव्हते. त्या मोठ्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात त्यांना बावीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. पण ही सगळी वर्षं त्यांनी खिडकीच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर काढली होती. खिडकीवरच्या बाई आठवडाभर रजेवर गेल्या, दुसरं कुणी तयार होईना, म्हणून साहेबांनी त्यांना पुढे आणून बसवलं होतं.

मास्तर हे नाव त्यांना टायपिंगच्या क्लासमुळे पडलं होतं. नोकरीआधी ते असा क्लास चालवायचे. इस्पितळात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो कुणाच्या गळ्यात मारायचा असा प्रश्न पडला, आणि ज्याची बोटं सगळ्यांत भरभर चालत होती त्याच्या गळ्यात तो पडला. त्यांना तीन महिन्यांच्या शिक्षणाला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी पुस्तकं जमवून, चुकत माकत, पेशंटांच्या नोंदींचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो अजून चालू होता. बाहेरच्या लोकांना ती एक राखाडी रंगाची, कुरूप चौकट वाटायची. मास्तरांना त्याचा अभिमान होता.

अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती. प्रोग्रॅमच्या पोटात एक हॅश टेबल होतं. नाव भारदस्त, काम साधं. प्रत्येक पेशंटला एक नंबर आणि त्या नंबराला बांधलेली त्याची माहिती. नंबर दिला की प्रोग्रॅम त्याच नंबरावर थोडं गणित करतो आणि माहिती कुठल्या खणात ठेवली आहे ते त्याला थेट कळतं. एकेक खण उघडत बसावं लागत नाही. पूर्वी तळघरातून फाइल वर यायला अर्धा तास लागायचा, शिपायाचा मूड नसला तर दुपार जायची. मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये बोट कळीवरून उचलेपर्यंत पेशंट पडद्यावर हजर असायचा. पुढे लोक नंबर विसरून यायला लागले, म्हणून त्यांनी नावावरून नंबर शोधायची सोयही केली होती.

"नाव सांगा मग," ते म्हणाले.

तिने भावाचं नाव सांगितलं. मास्तरांनी ते टाइप केलं. नोंद आढळली नाही, असं पडद्यावर आलं. बाईने मान हलवली. तिला वेगळं काही अपेक्षितच नव्हतं. जुडीचं रबर काढून तिने सहा चिठ्ठ्या एकामागे एक खिडकीत मांडल्या. सगळ्या याच खिडकीच्या, तारखेचा शिक्का मारलेल्या. सगळ्यांवर तेच वाक्य.

मागे रांग नव्हती. मास्तरांनी तिला बोलू दिलं. ती सहा तासांवरच्या एका लहान गावात शिवणकाम करायची, मुख्यतः शाळेचे गणवेश. भाऊ तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आईवडील गेल्यापासून दोघंच. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करत या शहरात आला होता, एकटा राहायचा, आठवड्यातून एकदा फोन करायचा. सहा वर्षांपूर्वीच्या शेवटच्या फोनमध्ये तो म्हणाला होता, चार दिवस ताप आहे, उद्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या दवाखान्यात दाखवून येतो. घड्याळाचा मनोरा म्हणजे हेच इस्पितळ. त्यानंतर फोन बंद. ती लगोलग निघाली नाही, कारण शाळा उघडायच्या तोंडावर शंभर गणवेश अंगावर होते, आणि फोन बंद ठेवायची त्याला सवय होती. निघाली ती दहा दिवसांनी. त्याच्या खोलीला कुलूप होतं. मग ती इथे आली आणि विचारलं, हा पेशंट दाखल आहे का. नाही म्हणाले. गावच्या पोलिसांत तिने हरवल्याची नोंद केली, ती त्यांच्या फायलीत राहिली. तेव्हापासून गणवेशांची घाई संपली की दर वर्षी ती एक फेरी मारत होती.

"दर वर्षी विचारते, दाखल आहे का, दाखल झाला होता का," ती म्हणाली. मग थोडं थांबून, खिडकीच्या कट्ट्यावरचा अदृश्य कचरा बोटाने पुसत, "यंदा दुसरं विचारायचंय. गेलेल्या माणसांची वेगळी यादी असते का तुमच्याकडे? ज्यांचं नाव कळलं नाही, अशांची?"

"असते," मास्तर म्हणाले. "पण त्याला पण नंबर लागतो."

तोंडातून हे शब्द गेले आणि मग ते त्यांना ऐकू आले. बेवारस मृतदेहाला इस्पितळच नंबर देतं. तो पायाच्या अंगठ्याला बांधतात आणि कॉम्प्युटरमध्ये टाकतात. त्या दोन जागा सोडल्या तर तो जगात कुणालाही माहीत नसतो. तो बहिणीने कुठून आणायचा होता?

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि भावाच्या अंगावरची एखादी खूण सांगा म्हणाले.

"डाव्या करंगळीला नख नाही," ती लगेच म्हणाली. "पाच वर्षांचा होता. दाराच्या फटीत बोट घालून उभा होता आणि मी दार लावलं. मी नऊ वर्षांची. ते नख परत आलंच नाही." मग म्हणाली, "आणि शर्टाला आतून खिसा. डाव्या काखेच्या खाली. तो सारखा कागदपत्रं हरवायचा, म्हणून त्याच्या प्रत्येक शर्टाला मी आतून खिसा शिवून द्यायची."

मास्तरांनी दोन्ही लिहून घेतलं, तिचा फोन नंबर घेतला आणि बघतो म्हणाले. ती चिठ्ठ्या गोळा करायला लागली. 'बघतो' हा शब्द तिने पुष्कळ खिडक्यांवर ऐकला असणार. मास्तरांना ते कळलं, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, की दोन-तीन दिवस लागतील, पण मी स्वतः बघणार आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या खोलीत गेले. बेवारस मृतांच्या चौदाशे बासष्ट नोंदी होत्या. नंबरावरून माहिती काढायला त्यांच्या प्रोग्रॅमला क्षणही लागत नव्हता, पण माहितीवरून नंबर काढायची वाटच त्यात नव्हती. टेबलाची रचना एका बाजूनेच धावायची. उलटं जायचं तर एकच उपाय होता. पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक जोडी उघडायची, आतली माहिती वाचायची, जुळली तर तिचा नंबर बाजूला काढायचा. त्यासाठी दहा ओळी पुरल्या. जेवणाचा डबा उघडायच्या आत त्या लिहून झाल्या. बावीस वर्षांत कुणी मागितल्या नव्हत्या आणि त्यांच्याही मनात आल्या नव्हत्या.

त्यांनी 'करंगळीला नख नाही' असं टाकून पाहिलं. एकही नोंद जुळली नाही. मशीनला अक्षराला अक्षर लागतं. तपासणारे डॉक्टर मात्र वेगवेगळे, प्रत्येकाची भाषा वेगळी. कुणी करंगळी लिहिणार, कुणी लहान बोट, कुणी पाचवं बोट. मग त्यांनी नुसतं 'नख' टाकलं. ज्या नोंदीत कुठेही ही दोन अक्षरं येतील ती सगळी काढ. यादी पडद्यावर धावत सुटली आणि थांबेचना. तीनशे अठ्ठ्याऐंशी. श्वास कोंडून गेलेल्यांच्या बाबतीत 'नखे निळसर' असं लिहायची पद्धत होती, हे त्यांना तेव्हा कळलं. 'आतील खिसा' टाकला तर काहीच आलं नाही. 'शर्ट' टाकला तर निम्म्याहून जास्त नोंदी आल्या. एका नंबराला एकच माणूस असतो, पण निळ्या शर्टाला नव्वद माणसं होती.

तेव्हा त्यांनी त्या तीनशे अठ्ठ्याऐंशी नोंदी छापून घेतल्या आणि हाताने वाचायला घेतल्या. खिडकीवर गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकेक. 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ, हातावर गोंदलेले फूल.' 'अनोळखी पुरुष, उजव्या पायात दोन मोजे, डाव्यात एकही नाही.' 'अनोळखी मुलगी, वय अंदाजे बारा, केसांना दोन रंगांच्या रिबिनी.' ही सगळी माणसं बावीस वर्षं त्यांच्याच टेबलात होती. किती नोंदी आहेत हे ते विचारलं तर झोपेतून उठून सांगू शकले असते. त्यातली एकही त्यांनी वाचलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि वडिलांच्या प्रोग्रॅमची येता जाता थट्टा करायची. तो म्युझियममध्ये ठेवायला हवा असं तिचं मत होतं. मास्तरांनी तिला अडचण सांगितली. ती सहज म्हणाली, "बाबा, त्यासाठी उलटी यादी आधीच करून ठेवायची असते ना. माहिती आत टाकतानाच, खुणेवरून नंबर अशी. अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात हे."

"मला सुचलं नाही," मास्तर म्हणाले. "ज्यांना नंबर माहीत आहे तेच येतील, असं धरून चाललो होतो."

मुलीने विचारलं, "कोण आलं होतं, बाबा?" मास्तरांनी तिला त्या बाईबद्दल सांगितलं. त्या दिवशी थट्टा झाली नाही.

नोंद सापडली तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस. डावा हात, लहान बोट नखरहित, जुनी इजा. करडा शर्ट, आतून हाताने शिवलेली पिशवी, पिशवीत टेस्टर एक. मनोऱ्यासमोरील बस थांब्यावर बेशुद्ध आढळला. शुद्धीवर आला नाही.' तो इस्पितळाच्या दारापर्यंत आलाच होता. रस्ता ओलांडायचा राहिला होता.

मास्तरांनी तारखा पाहिल्या. तीन तारखेला दाखल, पाच तारखेला मृत्यू. बेवारस देह पंधरा दिवस ठेवतात, तसा तो वीस तारखेपर्यंत शीतगृहात होता, मग नगरपालिकेच्या जागेत पुरला. त्यांना खिडकीतली पहिली चिठ्ठी आठवली. तिच्यावरचा शिक्का चौदा तारखेचा होता.

शीतगृह नोंदणी विभागाच्या बरोबर खाली होतं. ज्या फरशीवर उभं राहून ती विचारत होती, त्या फरशीखाली तो होता. अजून सहा दिवस असणार होता.

त्या दिवशी घरी त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, की तारखा न सांगता नुसता नंबर दिला तर काय बिघडेल. सहा वर्षं गेलीच आहेत. बायकोने ताटं आवरली, ओटा पुसला, आणि मग ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अहो, कागद तर तिच्या हातात द्यावाच लागणार ना?" ती म्हणाली. "तो तिने बसमध्ये एकटीने वाचण्यापेक्षा तुमच्यासमोर वाचलेला बरा."

मास्तरांनी फोन करून बोलावलं, तशी शनिवारी सकाळी बाई आली. मास्तरांनी तिला खिडकीवर उभं केलं नाही, मागच्या खोलीत नेलं. स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसले. तळघरातून फाइल आणून ठेवली होती. कपडे तीन वर्षांनी नष्ट करतात, पण फोटो असतात. मास्तरांनी तिला आधीच सांगितलं, की एक फोटो शर्टाचा आहे आणि एक चेहऱ्याचा, दोन्ही पाहायलाच हवेत असं नाही. तिने आधी शर्टाचा मागितला.

शर्ट उलटा करून टेबलावर पसरलेला होता. तिने फोटो खिडकीच्या उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"माझाच टाका आहे," ती म्हणाली. "मी कोपऱ्यात दोनदा दोरा फिरवते." फोटोत खिशाशेजारी टेस्टर ठेवलेला होता. तो पाहून तिच्या ओठांची एक बाजू हलली. "कागद ठेव म्हणून शिवून दिला होता. हा टेस्टर ठेवायचा. सांगून सांगून थकले."

मग तिने हात पुढे केला आणि मास्तरांनी चेहऱ्याचा फोटो दिला. तो तिने फार वेळ पाहिला नाही. पालथा घालून टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून बसून राहिली. बाहेर खिडकीवर कुणीतरी टकटक करत होतं. मास्तर उठले नाहीत.

"कधी पुरलं?" तिने विचारलं.

"वीस तारखेला."

तिने पिशवीतून जुडी काढली. रबर काढायला तिला वेळ लागला. सगळ्यांत खालची चिठ्ठी तिने उलटून पाहिली आणि पाहतच राहिली.

"म्हणजे मी आले तेव्हा तो इथेच होता."

"हो," मास्तर म्हणाले. "खालच्या मजल्यावर."

त्यांनी मनाशी जुळवून ठेवलेली वाक्यं होती. त्यातलं एकच त्यांना बोलता आलं. "ताई, हा प्रोग्रॅम मी लिहिलाय. खुणेवरून शोधायची सोय त्यात ठेवली असती, तर त्या दिवशीच सापडला असता. दहा ओळींचं काम होतं. मी ते केलं नाही."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहील म्हणून ते तयार होते, पण ती नुसतं पाहत होती, एखाद्या कपड्याचं माप डोळ्याने घ्यावं तसं.

"मी तरी कुठे विचारलं," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं मला, नुसतं पेशंटमध्येच बघायचं ना? मी म्हटलं, हो, नुसतं पेशंटमध्येच. दुसरं तोंडातून निघेना. सहा वर्षं निघालं नाही."

मास्तरांनी तिच्यासाठी पाणी आणलं. ती अर्धा पेला प्यायली, पदराने तोंड पुसलं, आणि मग टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, की यात वय चुकलंय. तो पस्तीसचा होता. आमच्या घरात सगळ्यांचेच केस लवकर पिकतात, म्हणून तसं वाटलं असेल.

मास्तरांनी नोंद पडद्यावर उघडली. नियमाप्रमाणे ओळख पटल्याचा अर्ज, साहेबांची सही, हे सगळं आधी व्हायला हवं होतं. त्यांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि तो भरून होईपर्यंत वाट पाहिली नाही. 'अनोळखी पुरुष' पुसलं आणि तिने सांगितलेलं पूर्ण नाव लिहिलं. वय पस्तीस. धंदा, लिफ्ट दुरुस्ती. राहण्याचा पत्ता. नातेवाईक या रकान्यात 'नाहीत' असं होतं, तिथे 'बहीण' असं टाकलं. प्रत्येक उत्तर ती सावकाश, विचार करून देत होती, आणि मास्तर प्रत्येक शब्द तिला वाचून दाखवत होते.

"आता नाव सांगितलं तर सापडेल?" तिने विचारलं.

"सापडेल."

"कुणी विचारलं तर?"

"कुणीही विचारलं तरी," मास्तर म्हणाले. विचारणारं दुसरं कुणी नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिने एकदा करून दाखवा म्हणून सांगितलं. मास्तरांनी पडदा कोरा केला, नाव टाइप केलं आणि तो आला. ती खुर्चीत मागे टेकून बसली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या चार महिन्यांत मास्तरांनी बाकीच्यांची उलटी यादी केली. इस्पितळात नवीन प्रणाली येणार होती आणि बेवारसांच्या नोंदी तिच्यात घ्यायच्या नाहीत असं ठरलं होतं. नाव नाही, पत्ता नाही, घेऊन करायचं काय. मास्तरांनी एकेक नोंद वाचून तिच्यातल्या खुणा साध्या भाषेत लिहिल्या. नखरहित असेल तिथे 'नख नाही' असंही घातलं, लहान बोट असेल तिथे 'करंगळी' असंही. त्यांच्या निरोपसमारंभाला साहेबांनी त्यांच्या टायपिंगच्या वेगाचं कौतुक केलं. त्या यादीचा उल्लेख झाला नाही, पण तिच्यावरून तोवर तीन कुटुंबं येऊन गेली होती. पण हे सगळं नंतरचं.

त्या शनिवारी बाईने विचारलं, की ती जागा लांब आहे का. मास्तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर निघाले. शहराच्या कडेला शेवटच्या थांब्यावर दोघं उतरले. लोखंडी फाटकाच्या आत मोठं उतरतं मैदान होतं आणि त्यात जमिनीबरोबर बसवलेल्या सिमेंटच्या लहान फरश्यांच्या रांगा. राखणदार म्हातारा होता. मास्तरांनी नंबर सांगताच तो वही न उघडता चालायला लागला, आणि तिसऱ्या रांगेच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. फरशीवरचे आकडे पावसापाण्याने पुसट झाले होते. पलीकडे बिनफुलांची झुडपं होती. गवत गुडघ्याला लागत होतं, कापायला माणूस सोमवारी येतो असं राखणदाराने सांगितलं.

बाई फरशीपाशी उभी राहिली. तिने पुढचं मागचं पाहिलं. फरशी रांगेच्या मधोमध बसवलेली होती, तिच्यावरून काही कळत नव्हतं.

"डोकं कुठल्या बाजूला आहे?" तिने विचारलं.

राखणदाराने मास्तरांकडे पाहिलं. मग टोपी काढून तिच्यातला घाम पुसला आणि म्हणाला, "तेवढं काही लिहून ठेवत नाहीत, ताई."

ती एका बाजूला जाऊन थांबली. तिथून फिरून दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही थोडा वेळ उभी राहिली. मग परत आली, मास्तरांच्या हातात पिशवी दिली, आणि गवत दोन्ही हातांनी बाजूला करून मध्यावर बसली.